शंभर पावलांत पाच टपऱ्या असताना गिऱ्हाईक आपल्याकडे कसं वळवायचं?

तुम्ही लिहिलंय की बाजारपेठेत तुमच्या आजूबाजूला आणखी चार चहावाले आहेत, पत्रकं वाटली, बोर्ड नवा केला, तरी गल्ला आहे तिथेच आहे. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ माझी टपरी आहे, बारा वर्षं झाली. पत्रकं मीही वाटली होती. चहासाठी कुणी गाव ओलांडून येत नाही. जो सकाळी आला तोच दुपारी आणि संध्याकाळी परत आला की धंदा उभा राहतो.

म्हणून आधी चव धरून ठेवा. सकाळी मी चहा करायचो, दुपारी भाऊ. एक हमाल मामा म्हणाले, "तुमच्याकडं दोन टपऱ्यांचा चहा मिळतो रं." मला ते फार लागलं. त्या दिवसापासून अंदाजानं काही टाकत नाही. एक लिटर म्हशीचं दूध, अर्धा लिटर पाणी, दीडशे ग्रॅम साखर, चाळीस ग्रॅम पावडर. आटून अठरा-वीस कटिंग निघतात. मापाचे डबे ठरलेले आहेत, पातेल्याजवळ कुणीही असो. उकळला की लगेच गाळून थर्मासात भरायचा. पावडर तशीच राहिली की चहा तुरट होतो, आणि तोच परत तापवून दिला तर पिणाऱ्याला पहिल्या घोटात कळतं.

पुण्यातली जुनी अमृततुल्यं आठवा. पितळेचं पातेलं दर्शनी भागात, गिऱ्हाइकासमोर आलं-वेलची कुटायची. तो खलबत्त्याचा आवाज आणि वास रस्त्यापर्यंत जातो, हीच त्यांची जाहिरात. तुम्हीही आलं आधी कुटून डब्यात भरून ठेवू नका. दर पातेल्याला ताजं कुटा, तेही पुढे उभं राहून.

माझा खरा धंदा मात्र किटलीनं वाढवला. हळदीच्या हंगामात यार्डातल्या अडत्यांना, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दलालांना, दुकान सोडून उठता येत नाही. मग आम्हीच साडेदहाला आणि चारला फेरी सुरू केली. पाऊस असो, ऊन असो, वेळ चुकवायची नाही. हळूहळू आमच्या पोऱ्याची वाट बघायची त्यांना सवय लागली. आज निम्म्याहून जास्त कप फेरीत जातात. हिशेबाची वही दोघांकडे ठेवा, कप तिथल्या तिथे लिहून घ्या आणि दर शनिवारी पैसे घ्या. महिन्याची उधारी मी एकदा करून बघितली, दुधवाल्याला द्यायला पैसे उरले नव्हते.

गूगल मॅपवर टपरीचं नाव, फोटो आणि उघडण्याची वेळ टाका, फुकट होतं. बाहेरगावचे ट्रक ड्रायव्हर त्यावरून येतात.

वीस प्रकारचे चहा ठेवायच्या नादाला लागू नका. चॉकलेट चहा, पान चहा लोक एकदा गंमत म्हणून पितात, आणि तुमचं सगळं लक्ष त्या बाटल्यांत जातं. साधा चहा आणि त्याच्याबरोबर एकच काहीतरी, खारी किंवा क्रीमरोल, पण रोजचा ताजा. काचेचे ग्लास गरम पाण्यानं, गिऱ्हाइकाला दिसतील असे धुवा. बायका टपरीवर थांबायला लागल्या त्या आमच्याकडे यामुळेच, आणि पुढे दोन बाकडी टाकल्यामुळे.

तुमच्या शेजारच्या चौघांची उघडायची वेळ काय आहे? मी पहाटे पाचला उघडतो, तेव्हा गाड्या उतरवणाऱ्यांना दुसरीकडे चहाच नसतो. वेळ कळवलीत तर पुढचं सविस्तर सांगेन.