वाचकांचे प्रश्न : 'माझ्यामागं पोरांकडं बघ'

प्रश्न : कपाशी गेल्यापासून थोरला भाऊ रात्रभर जागाच असतो. परवा म्हणाला, 'माझ्यामागं पोरांकडं बघ.' काय करावं? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ही निरवानिरवीची भाषा आहे. 'जीव द्यायचं मनात येतं का?' असं आजच सरळ विचारा. विचारल्यानं ते खूळ डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलू लागतो. फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा, किल्ली शेजाऱ्याकडे द्या. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. लगेच जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशीच सोडतात, तिथंच घोटाळा होतो. कर्जापायी बँकेची नोटीस आली असेल तर ती सोबत बसून बघा, पण त्याला झोप लागायला लागल्यावर.