एमएसएमटीपीने मेल पाठवताना

एमएसएमटीपी (msmtp) हा कमांड लाइनवरून मेल पाठवणारा छोटा प्रोग्राम मेल साठवून ठेवत नाही. तो तुमचा मजकूर सर्व्हरच्या हवाली करतो आणि सर्व्हरने २५० या आकड्याने होकार दिला की थांबतो, त्यामुळे नेमके तेव्हाच नेट बंद असेल तर पुन्हा प्रयत्न करण्याची सोय तुम्हालाच करून ठेवावी लागते.

पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी ज्या क्रमांकावर जोडणी होते तो, निवडताना घाई करू नका. ५८७ वर संभाषण साध्या रूपात सुरू होते आणि स्टार्टटीएलएस (STARTTLS) या आज्ञेनंतर कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता न येणारे, होते, तर ४६५ वर ते पहिल्यापासूनच कूटबद्ध असते. म्हणून ४६५ लिहून स्टार्टटीएलएस चालूच ठेवले, तर प्रोग्राम काहीही न सांगता ताटकळत राहतो, आणि माझ्या मते नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो.

जीमेलसाठी द्विस्तरीय पडताळणी सुरू करून अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी गुगल देते तो वेगळा पासवर्ड, घ्यावा, आणि तो ज्या फाइलमध्ये लिहाल तिची परवानगी ६००, म्हणजे फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल अशी, ठेवावी.

चाचणी घेताना डीबगचा पर्याय जरूर वापरा, कारण त्यात सर्व्हरशी चाललेले सगळे बोलणे ओळीओळीने दिसते. ५३५ आले, तर सर्व्हरने तुमचे नाव-पासवर्ड नाकारले आहे असे समजावे. मेलमध्ये विषयाच्या ओळीनंतर एक ओळ कोरी सोडा, कारण शीर्षभाग (विषय वगैरे सुरुवातीच्या ओळी) संपल्याची खूण तीच असते.