वाचकांचे प्रश्न : चुंबकीय जोडतारे

प्रश्न : आठ इंची दुर्बीण आणि कॅमेऱ्याचा सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवक) फिल्टर आहे. खानापूरहून 'एएम हर्क्युलिस' या जोडताऱ्याच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण (प्रकाशलहरींचं ठरावीक पद्धतीने कंपणं) मोजता येईल का?

उत्तर : तारा टिपता येईल, ध्रुवीकरण मात्र हाती लागणं कठीण. या जोडीतला श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा छोटा, घट्ट गाभा) इतका चुंबकीय आहे (सुमारे १.४ कोटी गॉस; गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) की सोबत्याचा वायू चकती न बनवता थेट श्वेत बटूच्या चुंबकीय ध्रुवावर कोसळतो. तिथले इलेक्ट्रॉन बलरेषांभोवती गरगरतात आणि प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा डावी किंवा उजवी गोल फिरत राहते. हे १९७६ मध्ये उघड झालं. प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास.

सीपीएल नावालाच वर्तुळाकार. पुढे रेषीय फिल्टर (एकाच सरळ दिशेत कंपणारा प्रकाश सोडणारा), मागे पाव-तरंग पट्टी (रेषीय आणि वर्तुळाकार ध्रुवीकरणाची अदलाबदल करणारी). सरळ लावला तर रेषीय ध्रुवीकरणच पकडतो. उलटा लावला तर डावा किंवा उजवा, एकच वर्तुळाकार प्रकाश वेचतो. दुसऱ्यासाठी मांडणी बदलेपर्यंत ताऱ्याचं तेजच बदलतं, आणि तोच फरक तुम्ही ध्रुवीकरण समजून बसाल. म्हणून वेधशाळांत वोलास्टन प्रिझमने (ध्रुवीकरणानुसार प्रकाशाचे दोन किरण करणाऱ्या स्फटिकाने) दोन्ही किरण एकदम टिपतात. शिवाय १ टक्का अचूकतेला किमान १०,००० फोटॉन हवेत.

त्यापेक्षा फिल्टर काढून तेज मोजा : ६० सेकंदांच्या फ्रेम, सलग सव्वातीन तास, म्हणजे जोडीची एकमेकांभोवतीची ३.०९ तासांची एक फेरी पूर्ण होते. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर बसा. जूनपासून खानापुरात आभाळच उघडत नाही. फिल्टरचा सराव अष्टमीच्या चंद्रावर करा, तिथे रेषीय ध्रुवीकरण ठळक असतं.