तंबू गेले, खोल्या आल्या आणि चालत्या झाल्या

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओत (तिथला जुना लष्करी तळ) दोन बुटक्या लाकडी खोल्या बघितल्या, 1906 च्या भूकंपानंतर बेघर लोकं यात राहायची म्हणे. पण जुन्या फोटोंत तर सगळीकडे तंबूच दिसतात, मग नक्की काय होतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही होतं. 18 एप्रिल 1906 ला पहाटे भूकंप झाला पण शहराची खरी वाट लावली ती नंतरच्या आगीनं, चार लाखांच्या शहरातली निम्म्याहून जास्त माणसं उघड्यावर आली. मिलिटरीनं प्रेसिडिओत, गोल्डन गेट पार्कात रांगेनं तंबू ठोकले. घर वाचलेल्यांचीही चूल रस्त्यावरच, कारण धुराडी तडकलेली आणि तपासणी होईपर्यंत घरात जाळ करायला बंदी, त्यामुळे चांगले बंगलेवाले फुटपाथवर चार विटा मांडून स्वयंपाक करत होते!

उन्हाळा तंबूत निघतो हो, पण तिकडे पाऊस थंडीत पडतो. म्हणून सप्टेंबरपासून सुतार लावून 5,610 खोल्या उभ्या केल्या, सगळ्यात लहान 10 बाय 14 फूट (आपली चाळीतली खोली आठवा), रंग बागेतल्या बाकड्यांचा हिरवा.

मला भारी वाटतो तो भाड्याचा हिशोब. महिन्याला 2 डॉलर, ते किमतीतच धरायचे, किंमत साधारण 50. पैसे फिटले की स्वतःचा प्लॉट बघा आणि खोली घेऊन चालते व्हा. लोकांनी खरंच घोडे जुंपून खोल्या ओढत नेल्या, काहींनी दोन-तीन जोडून नीट घर केलं, आणि 1908 च्या जूनपर्यंत शेवटचा कॅम्पसुद्धा उठला. आपल्याकडे 1961 च्या पानशेत पुरानंतर पुण्यात निसेन हट बांधले, पण ती पत्र्याची अर्धगोल बराक कोण उचलून नेणार आणि नेऊन ठेवणार कुठे?

अर्थात प्लॉट घ्यायला पैसा लागतो, तो सगळ्यांकडे नव्हता. आणि चिनी लोकांचा कॅम्प तर वेगळाच होता, तोही एका जागी टिकू दिला नाही, हलवत हलवत प्रेसिडिओच्या पार टोकाला, फोर्ट पॉइंटजवळ नेऊन टाकला. आसपासच्या रहिवाशांची तक्रार काय, तर वाऱ्याबरोबर त्यांचा वास आमच्या घरात येईल.