“मॅडम, मी भित्रा आहे का?”

चुकीचं चाललंय हे कळतं, पण वरून आदेश आला की मी मान डोलावतो, मग रात्रभर झोप नाही. मी समुपदेशक. ही तक्रार सांगलीत माझ्याकडे शिक्षक घेऊन येतात, पोलीस येतात, कारकून तर नेहमीच.

त्यांतलेच एक तलाठी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) गायरानातल्या घरांना नोटीस दिलेलीच नव्हती. ‘बजावली असा पंचनामा कर,’ असं साहेबांनी तोंडी सांगितलं होतं.

“माझे आजोबा पत्री सरकारात होते. ते गोळ्यांना भ्याले नाहीत आणि मी एका सहीला भितोय!”

सुरुवातीच्या भेटी या तुलनेतच गेल्या. मग मी विचारलं, “भूमिगत असताना आजोबांना भाकरी कोण द्यायचं?”

“आजी. रानात नेऊन.”

“पोलीस दारात आले की?”

“कुठं गेलाय ठाऊक न्हाई, म्हणायची. हात लटलट कापायचे तिचे.”

“मग आजी भित्री?”

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. “तिला कुणी ताम्रपट नाही दिला, मॅडम.”

या एका प्रश्नाचं मला आजही समाधान वाटतं. 1943 ते 1946 नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार, म्हणजेच पत्री सरकार, टिकलं, त्यात अशा कापणाऱ्या हातांचा वाटा मोठा होता. मी विवेकनिष्ठ विचार मानणारी, म्हणजे मनातले अवास्तव हट्ट तपासून सोडायला शिकवणारी. ‘मी निर्भय असलंच पाहिजे’ हा हट्ट माणसाला भीतीपेक्षा जास्त जखडतो. हट्ट सुटला की भीत भीतही योग्य ते करता येतं.

काय करायचं, तेही आधी आवाक्यात आणावं. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचं युद्ध चालवणाऱ्या सरकारला अमेरिकन लेखक थोरोनं कर नाकारला आणि 1846 मध्ये एक रात्र कोठडीत काढली. सगळा अन्याय निपटणं जमलं नाही तरी त्यात आपला हात असू नये, एवढंच त्याचं मागणं. तलाठ्याचा हात म्हणजे त्याची सही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे तोंडी आदेशाची लेखी खातरजमा मागता येते. ती मागावी, प्रत जपावी, संघटनेतल्या विश्वासू माणसाला सांगून ठेवावं. आणि घरी आधी बोलावं, कारण किंमत घरालाही मोजावी लागते.

त्यांनी आदेश लेखी मागितला. तो आला नाही, त्यांनी सही केली नाही. पुढे जतकडे बदली झाली. झोप लागते, पण बायको चिडली आहे. सध्या आम्ही त्यावर बोलतोय; पुढच्या भेटीला दोघांना बोलावलंय.