रेपिअर घ्यायचे, एमबीए करायचं, पण आधी काय?

तुझं पत्र वाचलं. मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहेस, पप्पांचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ते म्हणतात नवीन रेपिअर म्हणजे वेगवान माग घेतले की एक्स्पोर्ट मिळेल, तू एमबीए मार्केटिंग करून ये, आणि तुझं मन रमतं मागांपाशी.

पप्पांचा हिशोब मला उलटा वाटतो. आधी मशीन, मग गिऱ्हाईक? हॉटेलवाल्याला पांढरा टॉवेल हवा, आजच्या लॉटचा आणि सहा महिन्यांनंतरच्या लॉटचा जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं वजन) सारखा हवा, माल तारखेला पोचायला हवा, डिझाइनशी त्याला देणंघेणं नाही. लग्नसराईत आहेराचा माल नेणाऱ्याला मात्र दरवेळी नवा रंग, नवी बॉर्डर, तेही थोडं थोडं. दोन्ही त्याच मागांवर घेतलं की काय होतं ते तू बघितलंच असशील, बीम (ताण्याचा धागा गुंडाळलेला रूळ) उतरवा, दुसरा चढवा, धागा न् धागा सांधा, तोवर माग बंद, कामगार बसून, आणि हॉटेलची तारीख गेली. रेपिअर फास्ट पळतो हो, पण सारखा बीमच बदलायचा असेल तर त्या स्पीडचं लोणचं घालायचंय का? बँकेचा हप्ता थांबत नाही.

एकच कारखाना सगळ्यांचं सगळं नीट करू शकत नाही हे हार्वर्डच्या विकहॅम स्किनरनं १९७४ लाच मांडलंय, फोकस्ड फॅक्टरी म्हणून. हा विषय एमबीएच्या ऑपरेशन्समध्ये, म्हणजे उत्पादनाच्या व्यवस्थापनात येतो, म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ऑपरेशन्सच घे, मार्केटिंगचे एकदोन पेपर सोबत होतीलच. कॅट दे, आयआयएम मुंबईवर लक्ष ठेव (२०२३ पर्यंतची नायटी, या विषयात जुनं नाव). पण त्याआधी वर्ष-दोन वर्षं नोकरी कर, घरच्या कारखान्यात नको, तिथं तू मालकाची मुलगी, खरं कुणी सांगणार नाही. चिंचोळी एमआयडीसीत नाहीतर पुण्यात पीपीसी म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगला मिळालं तर सोडू नकोस, सेल्सवाले आणि शॉप फ्लोअरवाले रोज तिथंच भांडतात.

सुट्टीत एक काम कर. गेल्या वर्षीच्या ऑर्डरी वहीत काढ, कुणाची, किती नग, तीच ऑर्डर पुन्हा आली का, उशीर झाला तर कशामुळं, आणि बीम कितीदा बदलला. मग पप्पांसोबत बस. तोवर रेपिअरचा ॲडव्हान्स तेवढा देऊ नका म्हणावं.