घर सांभाळून जलरंग

अगं, जलरंग शिकायला संसारातून रिकामा दिवस मिळेल म्हणून थांबू नकोस, तो मिळत नाही. कामाची विभागणी कर. ओल्यावर ओलं, म्हणजे भिजवलेल्या कागदावर ओला रंग लावून रंगवायचं असेल, आकाश किंवा धुकं, तर कागदावरचं पाणी तुझ्यासाठी थांबत नाही. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि तू उठलीस की रंग वाळून त्याला कडा धरलीच. तेवढा अर्धा तास घरात सांगूनच बस, पोरांना सासूबाईंकडे दे. थरावर थर द्यायचं काम मात्र तुकड्यातुकड्यांत होतं. एक थर दे, भाकऱ्या कर, तोवर तो वाळलेला असतो. पॅलेटवरचा रंग सुकला तरी फेकू नकोस, त्यात डिंक असतो, ओल्या ब्रशनं परत उठतो.

३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, मोठ्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करून ठेव. स्वस्त पातळ कागदावर शिकू नकोस, हे मी आग्रहानं सांगते. तो फुगतो आणि आपल्यालाच जमत नाही असं वाटायला लागतं.

आपल्या बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये थर वाळतच नाहीत. कागदाला बुरशीही धरते, म्हणून तो घट्ट पिशवीत ठेव. त्या दिवसांत पेन्सिल धर, किल्ल्यातल्या कमल बस्तीचे, त्या जुन्या जैन मंदिराचे, खांब काढ, भाजीला जाताना शनिवार खुटावरची माणसं बघून घे. चित्रकार रवी परांजपे याच गावचे, त्यांचं रेखाटन बघ म्हणजे कळेल. आणि चित्र झालं की आधी घरच्यांना दाखव, पुढचा अर्धा तास मागणं सोपं जातं.